पश्चिम आशियाच्या कापडणीस बाई

आमच्या कापडणीस बाईंसमोर ‘अरब लोक’ म्हणायची सोय नव्हती. तुम्ही बोलण्याच्या ओघात म्हणून जायचात आणि बाई हातातली बशी खाली ठेवून शांतपणे विचारायच्या, “कुठले?”

रमजानच्या दिवसांत त्या जुन्या नाशकात, दूधबाजारात, खजूर घ्यायला जायच्या. एकदा मी बरोबर होतो. दुकानदाराने मोठ्या अदबीने दोन खजूर पुढे केले. “लीजिए मॅडम, खास अरब का माल है.”

“कौनसे अरब का?”

“जी, अरब का.”

“अरब में बहुत मुल्क हैं, भाई. बसरा का है, मदीना का है, ओमान का है?”

दुकानदाराने खोकं उलटंसुलटं करून पाहिलं. वर नुसतं उंटाचं चित्र होतं. “ऊंटवाला है, मॅडम,” तो म्हणाला. बाईंनी उंटवाला खजूर अर्धा किलो घेतला आणि घरी येईपर्यंत रिक्षात मला बसऱ्याच्या खजूरव्यापाराचा इतिहास ऐकवला. अशोकस्तंभाजवळ इंग्रज बसऱ्यात शिरले. सोसायटीच्या फाटकाशी आलो तरी ते बाहेर पडलेले नव्हते.

निर्मला कापडणीस आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मी भूगोल शिकवायचो. गंगापूर रोडवरच्या एकाच इमारतीत आम्ही राहत होतो, त्या माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर. त्यामुळे बाईंपासून मला कॉलेजात सुट्टी नव्हती आणि घरीही नव्हती. उंच, सडपातळ, सुती साडी, खांद्याला शबनम, आणि चष्मा कायम कपाळावर. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचा विषय होता ‘आधुनिक पश्चिम आशिया’. नाशकात राहून हा विषय निवडणारी बाई म्हणजे लोकांना कोडंच होतं. कॉलेजात त्यांना ‘बगदादबाई’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती. “एका तरी गावाचं नाव नीट घेतात,” एवढंच म्हणायच्या.

‘मध्यपूर्व’ हा शब्द त्यांना चालत नसे. “कुणाच्या पूर्वेला? लंडनच्या. आपल्या नाही. तुम्ही भूगोलवाले असून असं बोलता? त्र्यंबककडे तोंड करून उभे राहा. त्र्यंबक, मग जव्हार, मग डहाणूचा समुद्र, आणि समुद्र ओलांडला की ओमान. सरळ पश्चिम.” मी घरी जाऊन नकाशावर पट्टी लावून पाहिली. पट्टी बरोबर पडत होती.

नकाशावरून आठवलं. दोन्ही येमेन एक झाले त्या वर्षी बाई पांढऱ्या रंगाची बाटली आणि बारीक ब्रश घेऊन आमच्या विभागात आल्या आणि भिंतीवरच्या जुन्या नकाशातली मधली सीमारेषा स्वतःच्या हाताने पुसून गेल्या. मी म्हटलं, “बाई, सरकारी नकाशा आहे.” त्या म्हणाल्या, “ते लोक एक झाले, तुमच्या भिंतीवर कशाला भांडत ठेवता?”

हे वेड लागलं कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. बाई मूळच्या देवळ्याच्या. घरची कांद्याची शेती. लहानपणी व्यापारी आला की खळ्यात गोण्या भरल्या जायच्या, आणि काही गोण्यांवर काळ्या रंगाने इंग्रजी अक्षरं छापलेली असायची. इंग्रजी वाचायला लागल्यावर त्यांनी ती लावली : कुवेत. गुरुजींना विचारलं, कुवेत कुठं आहे? गुरुजी म्हणाले, मुंबईच्या पुढे. मुंबईच्या पुढे काय आहे ते कुणालाच सांगता येईना. “आपल्या घरचा कांदा खाणारी माणसं कोण आहेत, ते नको का कळायला?” बाई म्हणाल्या. “बाकी मग वाढत गेलं.”

त्यांचा धाकटा भाऊ देवळ्याची शेती बघायचा. आखातातली पहिली लढाई पेटली तेव्हा तो बहिणीकडे आला होता. बाईंनी त्याला इराक-कुवेतच्या सीमेचा वाद पार तुर्कांच्या काळापासून समजावून सांगितला. तो बिचारा मांडीवर हात ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “ताई, ते समदं ऱ्हाऊ दे. लढाई कधी सरी, ते सांग. कांदा चाळमा पडेल शे.”

आखाताकडे जाणारा कांदा चाळीत अडकून पडला होता. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “याचा प्रश्न माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा नेमका आहे.”

कॉलेजात हा विषय ऐच्छिक होता आणि घेणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलीही बरीचशी सुरगाणा, पेठकडची. का, तर बाईंचा तास दुपारी लवकर संपायचा आणि पुढे त्यांना गावाकडची जीप मिळायची. बाईंना हे ठाऊक होतं. त्या तास वेळेवर सोडत, एरवी तहाच्या कलमांसाठी कुणाचीही ट्रेन चुकवतील अशा असून. “जीप चुकली तर मुलगा रात्री स्टँडवर झोपेल, आणि मग कुठला तो सुएझ कालवा,” म्हणायच्या. गंमत म्हणजे जीपसाठी आलेल्या त्या मुलांतले दोघे-तिघे पुढे याच विषयात एम. ए. झाले.

अरबी त्या जुन्या नाशकातल्या एका वयस्क मौलवीसाहेबांकडून शिकल्या होत्या. वर्षानुवर्षं दर रविवारी. व्याकरण पक्कं, उच्चार घासूनपुसून घेतलेले. पण एवढं सगळं असून बाईंनी आयुष्यात एकही अरब पाहिलेला नव्हता. परदेशी जायचा योग आला नाही, आणि नाशकात अरब येणार कुठून?

तर तो आला. शहरातल्या एका फार्मसी कॉलेजात येमेनचा एक मुलगा दाखल झाल्याची बातमी मीच त्यांना दिली. बाईंनी त्याच दुपारी रिक्षा केली आणि मलाही आत ओढलं.

मुलगा कॉलेजच्या पायऱ्यांवर बसला होता. शेजारी दोन मोठ्या बॅगा. कुरळे केस, अंगात त्याच्यापेक्षा मोठा कोट, आणि चेहऱ्यावर दोन दिवस नीट जेवण न मिळाल्याची कळा. नाव सालेम. बाई त्याच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि त्यांच्या त्या घोटीव अरबीत त्याचं स्वागत केलं. बराच वेळ चाललं होतं ते स्वागत. मुलाने आ वासला. मग इंग्रजीत अगदी गंभीरपणे विचारलं, “मॅडम, तुम्ही टीव्हीवर बातम्या देता का?”

तिकडे घराघरांत बोलतात ती अरबी वेगळी आणि बाई शिकल्या ती ग्रंथातली, हे बाईंना पुस्तकातून माहीत होतं. पण तोंडावर कुणी तसं ऐकवल्याची ही पहिलीच वेळ. त्या लाजल्या. बाईंना लाजताना मी तेवढंच पाहिलं.

सालेम येमेनमधल्या हद्रमौत भागातला, मुकल्ला नावाच्या बंदराचा. हे ऐकल्यावर बाईंना राहवेना. हद्रमौतचे शिपाई निजामाच्या फौजेत होते, आपल्या मराठवाड्यातली चाऊस आडनावाची माणसं मूळची तिकडचीच, तुझ्या पणजोबांपैकी कुणी हैदराबादला होतं का, सुलतानांच्या राजवटीबद्दल घरात काय बोलतात? सालेम म्हणाला, “माझे वडील टायर विकतात.” मग म्हणाला, “मॅडम, मला खोली पाहिजे.”

पुढचा आठवडा बाईंनी खोल्या पाहण्यात घालवला. मी स्कूटर चालवायला. फोनवर सगळे हो म्हणायचे. नाव ऐकलं की कुणाचे पाहुणे यायचे, कुणाची गॅलरी दुरुस्तीला निघायची. एका घरमालकिणीने तर “आम्ही शाकाहारी आहोत” असं सांगितलं तेव्हा आतून सुक्या बोंबलाचा वास येत होता. शेवटच्या घरातून बाहेर पडल्यावर बाई स्कूटरवर मागे बसल्या. म्हणाल्या, “चला घरी. ऑटोमन साम्राज्य हलवायचं आहे.”

त्यांच्या आतल्या खोलीत पुस्तकं होती. पलंगावर, पलंगाखाली, खिडकीत. जागेच्या हिशेबाने त्यांनी देश वाटून दिले होते, आणि पलंगावर ऑटोमन साम्राज्य होतं. त्या संध्याकाळी माझी बायको, मी आणि सालेम, सगळ्यांनी मिळून ते मोडून काढलं. इजिप्त स्वयंपाकघरातल्या फळीवर गेलं, सीरिया दिवाणाखाली, इराक माझ्याकडे. “पहिल्या महायुद्धानंतर असंच झालं होतं,” बाई म्हणाल्या. “फक्त तेव्हा ज्यांचं घर होतं त्यांना कुणी विचारलं नाही.”

सालेम राहायला आला आणि बाईंच्या अभ्यासाला उतरती कळा लागली. प्रश्नांची त्यांच्याकडे कमी नव्हती. पण मुलाला इतिहासात काडीचा रस नव्हता. त्याला क्रिकेट शिकायचं होतं, मिसळ आवडायची, आणि केस कापायला पैसे जास्त घेतात अशी तक्रार होती. एकीकरणानंतर काही वर्षांनी येमेनमध्ये उत्तर-दक्षिण असं युद्ध झालं होतं. त्याबद्दल बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, “तेव्हा मी लहान होतो. शाळेला सुट्टी होती. खूप मजा आली.”

“मजा?” बाई म्हणाल्या. “एवढंच आठवतं तुला?”

सालेम भाताचा घास कालवत राहिला. मग म्हणाला, “सुट्टी संपली तेव्हा माझ्या बाकावरचा मुलगा आला नाही. मग मी एकटाच बसायचो.”

मी त्या दिवशी तिथेच जेवायला होतो. बाईंनी त्याला आणखी भात वाढला. त्यानंतर युद्धाबद्दल त्यांनी त्याला कधी विचारलं नाही.

हळूहळू तो त्यांना ‘खाला’ म्हणायला लागला. मावशी. हा शब्द दूधबाजारातही चालतो आणि मुकल्ल्यातही, याचाच बाईंना कोण आनंद. शुक्रवारी त्याची नमाज व्हायची, तेवढ्यात बाई बाजार उरकायच्या आणि दोघं एका रिक्षाने परत यायचे. त्याने त्यांना रस्त्यावरची अरबी शिकवली. ‘चल हट’ आणि ‘काय डोकं खातोस’ याला मुकल्ल्यात काय म्हणतात ते बाई स्टाफरूममध्ये म्हणून दाखवत, आणि कुणालाच कळत नसे म्हणून कुणावरही वापरत.

मग अमेरिकेत ते दोन मनोरे पडले. एका आठवड्यात बाईंना नाशकात मागणी आली. ज्या विषयाला मुलं मिळत नव्हती त्यावर बोलायला रोज कुणीतरी बोलवायला लागलं. बाई जायच्या. लोकांना दहा मिनिटांत ‘हे लोक असे का’ ते ऐकायचं असायचं. बाई पहिल्या वाक्यालाच विचारायच्या, “कुठले लोक?” आणि मग मोरोक्कोपासून सुरुवात करायच्या. इराणी अरब नव्हेत, तुर्क अरब नव्हेत, अरबांतले सगळे मुसलमान नव्हेत. एका व्याख्यानाला त्या सुएझपर्यंत आल्या तेव्हा समोर मी, माझी बायको आणि माइकवाला एवढेच उरलो होतो. महिन्याभरात बोलावणी बंद झाली.

सोसायटीतलं बोलावणं मात्र आलं. पार्किंगमध्ये सभा भरली. आधी पाण्याच्या टाकीचा विषय झाला, मग सेक्रेटरी बोरसे घसा साफ करून म्हणाले, “बाई, आमचं वैयक्तिक काही नाही. मुलगा चांगला असेल. पण दिवस कसे आहेत तुम्ही बघताय. ते लोक...”

सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार. आलंच.

“कुठले?”

“म्हणजे, हेच. त्याच्याकडचे.”

“त्याच्याकडचे म्हणजे हद्रमौतचे. सांगते,” म्हणून बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी हद्रमौत सांगायला घेतलं. धूप आणि लोबानाच्या व्यापारापासून. मातीच्या उंच घरांची गावं, बंदरं, इंग्रजांचे तह, कामधंद्याला जावा आणि हैदराबादपर्यंत पांगलेली माणसं. कुणी मध्ये बोललं की बाई “थांबा, तिकडेच येतेय” म्हणायच्या. डास चावत होते. पोरं पेंगायला लागली. मी मध्येच म्हटलं, “मुलगा सरळ आहे, माझ्या घरात त्याचा रोज वावर आहे,” तर बाईंनी मलाही थांबवलं, कारण त्या तेव्हा ऐन अठराव्या शतकात होत्या. शेवटी बोरशांनी हात जोडले. “बाई, राहू द्या त्याला. पोलिसांकडे नाव नोंदवलंय ना? मग झालं तर. पण आता जेवायला सोडा.”

लोक हसत उठले. मीही हसत होतो. बाई खुर्ची घडी करायला वाकल्या, पण त्यांच्याकडून तिची घडी होईना. ती मी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरलो तर सालेम फाटकाशी उभा. दोन्ही बॅगा बाहेर, रिक्षावाल्याशी भाव चाललेला. रात्री तो जिन्यात बसून सगळं ऐकत होता. मला म्हणाला, “सर, खाला को तकलीफ हो रही है. मैं दोस्त के पास पुणे जाता हूँ.”

मी काही बोलायच्या आत बाई जिना उतरून आल्या. विस्कटलेले केस, पायात चप्पल नाही. त्यांनी एक बॅग धरली आणि अरबीत काहीतरी एकच लांबलचक वाक्य बोलल्या. सालेम गंभीर चेहऱ्याने ऐकत होता, मग त्याच्या ओठांचे कोपरे हलले, आणि तो इतका हसायला लागला की रिक्षावालाही हसला. मला म्हणाला, “सर, खाला बोली, सल्तनत तुझे शहर छोड़ने की इजाज़त नहीं देती.”

“बरोबरच बोलले,” बाई म्हणाल्या. “व्याकरणात चूक आहे का? नाही ना? मग बॅगा वर ने.” आणि रिक्षावाल्याला खोळंब्याचे दहा रुपये देऊन त्या वर गेल्या.

सालेमच्या शेवटच्या वर्षी अमेरिकेची फौज बगदादमध्ये शिरली. तो परीक्षांचा मोसम होता. एके दिवशी बाईंचा कॉलेजात फोन आला, “मी आज येत नाही, फार वाईट झालं आहे,” आणि फोन ठेवला. आम्ही पाच-सहा जण दुपारी भेटायला गेलो. बाई सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे सुजलेले. आम्ही समोर बसलो. अर्थशास्त्राच्या देसले सरांना अशा वेळी काय विचारायचं ते माहीत असतं. ते हळूच म्हणाले, “कधी झालं?”

“परवा.”

“वय काय होतं?”

बाईंनी विचार केला. “इमारत काही फार जुनी नाही. पण आतले काही काही कागद चारशे वर्षांचे.”

देसल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंनीच सांगितलं, बगदादचं मोठं ग्रंथालय जळलं. तुर्कांच्या काळापासूनचे दस्तऐवज होते. राख गल्लीगल्लीत उडतेय म्हणतात.

आता खरं तर उठायला हरकत नव्हती. पण कुणी उठलं नाही. सालेमने सगळ्यांना चहा आणून दिला आणि बाईंच्या शेजारी बसला. “खालाने सुबह से खाया नहीं,” तो म्हणाला. देसले सर हातातला कप तसाच धरून म्हणाले, “बाई, घासभर खाऊन घ्या. गेलेलं काही परत येत नाही.” ते अगदी मनापासून म्हणाले. आणि बाईंनी खाल्लं.

सालेम पास झाला. तो निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी बॅगांचं वजन करायला काटा घेऊन वर गेलो होतो. नाशिकचा चिवडा, त्याच्या बहिणींसाठी बांगड्या, बाईंनी कोंबलेला स्वेटर. मुकल्ल्यात स्वेटर कशाला लागतो, हे मी भूगोलाचा माणूस असूनही विचारलं नाही. तेवढ्यात फोन वाजला. सालेमची आई होती. मुलाशी बोलून झाल्यावर तिला बाईंशी बोलायचं होतं.

बाईंनी पदर सारखा केला, जणू ती बाई दारातच उभी आहे. मग त्यांच्या सर्वोत्तम अरबीत सुरुवात केली. पलीकडे काही कळेना. सालेम मध्ये पडला, आणि रिसीव्हर दोघांच्या मध्ये धरून अरबीचं अरबीत भाषांतर करायला लागला. आभार झाले, दुवा झाल्या, हवापाणी झालं. मग पलीकडून एक छोटा प्रश्न आला, पण तो सालेमने पुढे सांगितला नाही. त्याचे कान लाल झाले.

“क्या पूछा?” मी विचारलं.

“नाम पूछा, सर.” मग त्याने हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या गावाकडे बाईमाणसाला नाव घेऊन हाक मारणं बरं दिसत नाही. थोरल्या मुलाच्या नावाने बोलावतात. त्याचा थोरला भाऊ अहमद, म्हणून त्याची आई उम्म अहमद, म्हणजे अहमदची आई. तर ती विचारत होती, तुम्ही कुणाची आई? तुम्हाला काय म्हणून हाक मारू?

त्याने रिसीव्हर स्वतःकडे ओढला. “खाला, मैं बता देता हूँ.”

बाईंना तो प्रश्न भाषांतराशिवायच कळला होता. त्यांनी सालेमचा हात हलकेच बाजूला केला. रिसीव्हर आपल्याकडे घेतला. मग फक्त दोन शब्द बोलल्या. ते मला अरबी न येताही समजले.

“उम्म सालेम.”

सालेम आमच्याकडे पाठ करून बॅगेजवळ बसला आणि घडी घातलेला शर्ट उलगडून पुन्हा घडी घालायला लागला. पलीकडून सालेमची आई बोलायला लागली, सावकाश, एकेक शब्द सोडवून, लहान मुलाशी बोलावं तशी. बाई मान हलवत ऐकत होत्या. आता मधे कुणाची गरज लागत नव्हती.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “चिवडा वर ठेव रे, खाली चुरा होईल.” सालेमने मान न वळवता चिवडा वर ठेवला आणि तोंड धुवायला आत गेला.

मी विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

बाई पदराने चष्मा पुसत होत्या. तो कपाळावर चढवून म्हणाल्या, “म्हणाल्या, हे नाव आमच्याकडे अजून कुणी घेतलेलं नाही. तुम्ही घ्या.”